डल्सी व्हेनचा ब्याण्णवावा वाढदिवस

आमच्या सँडरबीत दर गुरुवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये वाढदिवस मंडळ भरतं. मंडळाचं काम एवढंच की त्या आठवड्यात जन्मलेल्या ब्रिटनमधल्या नामवंतांची आठवण काढायची. नट, गायिका, जादूगार, बातम्या देणारे, बॉक्सर, बिशप, अगदीच कोणी मिळालं नाही तर एखादा खासदार. नाव पुकारायचं, ज्याला जे आठवेल ते त्यानं सांगायचं, वाढदिवसाचं गाणं म्हणायचं आणि केक खायचा. नामवंत जिवंत असेल तर उभं राहून गायचं, गेलेला असेल तर बसून. आमच्या गुडघ्यांची अवस्था बघता बऱ्याच सभासदांना गेलेलेच जास्त आवडतात.

नियमात कधी कधी गडबड होते. टीव्हीवर हवामान सांगणारे बर्नर्ड पिलिंग म्हणून एक होते. त्यांच्यासाठी आम्ही बसून, चांगला गळा काढून गायलो, आणि गाणं संपल्यावर दाराशी उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, "फार छान. आता मलाही एक तुकडा मिळेल का?" हॉलमध्ये विकायला मांडलेली जुनी पुस्तकं घ्यायला पिलिंग स्वतःच आले होते. उलट आमच्या गावाची रेल्वे बंद करणारा मंत्री अजून ठणठणीत आहे, तरी त्याच्यासाठी आम्ही दर वर्षी बसूनच गातो. तो ठराव एकमतानं मंजूर झालेला आहे.

मी मंडळाची चिटणीस, ग्लेनिस हेस्केथ. समुद्रासमोर माझं गेस्ट हाउस आहे. केक मी करते, चहा मी करते, खुर्च्या मी मांडते, आणि अध्यक्ष मिस्टर फिचेट नियमांचं बघतात. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक आहेत. नियम नसतील तर त्या माणसाला सकाळी पलंगावरून कोणत्या बाजूनं उतरावं तेही कळणार नाही.

आमच्या मंडळात खरेखुरे नामवंत दोनच. एक आल्बी थ्रप, विनोदी नट, वय वर्षं त्र्याण्णव. सगळं गाव त्याच्याबद्दल एकेरीतच बोलतं, तोंडावर मात्र अहोजाहो. सगळ्यात वयस्कर सभासदानं केक कापायचा असा आमच्याकडे रिवाज आहे, आणि सुरी आल्बीच्या हाती यायला फार दिवस लागले. त्याच्या आधीच्या मिसेस टॅटरसॉल काही केल्या जाईनात.

दुसऱ्या डल्सी व्हेन. गाणं, नाच, सगळं यायचं त्यांना. समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्यावरच्या थिएटरात उन्हाळी खेळ व्हायचे तेव्हा लोक त्यांच्यासाठी आगगाडी भरभरून यायचे. पुढे टीव्हीवरही झळकल्या. अजूनही दर वर्षी मे महिन्यात मोठ्या वर्तमानपत्राच्या वाढदिवसांच्या रकान्यात त्यांचं नाव येतं. नाटक संपलं, टीव्ही संपला, तशा त्या माझ्याकडे पहिल्या मजल्यावरच्या खोलीत राहायला आल्या आणि राहूनच गेल्या. रोज सकाळी लिपस्टिक लावल्याशिवाय खाली उतरत नाहीत. उतरतात त्या जिन्याला बसवलेल्या, विजेवर सरकणाऱ्या खुर्चीवरून, महाराणीच्या थाटात.

आल्बी त्यांच्यापेक्षा एका वर्षानं मोठा. त्यामुळे तो त्यांना 'पोरी' म्हणतो. "पोरी, स्वेटर घाल." "पोरी, तुला नाही कळायचं, तू लहान होतीस." ब्याण्णव वर्षांच्या बाईला! आणि बाई लाजतात. मला आधी वाटायचं, काय हा चावटपणा. मग सवय झाली.

डल्सीबाईंच्या वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात गेस्ट हाउसचा फोन वाजला. सरकारी पेन्शन कार्यालयातून कोणी गोड आवाजाची बाई बोलत होती.

"मिस एथेल क्लेग तुमच्याकडे राहतात ना? येत्या गुरुवारी त्यांना शंभर पूर्ण होताहेत. राजेसाहेबांकडून कार्ड पाठवायचंय, म्हणून खात्री करून घेतेय."

"एथेल क्लेग? नाही हो. या नावाचं इथं कोणी नाही."

"ग्लेनिस!" वरून आवाज आला. बघते तर डल्सीबाई जिन्याच्या खुर्चीवर बसून खाली येत होत्या, दोन्ही हात हवेत. ती खुर्ची आपल्याच चालीनं चालते, घाई केली म्हणून ऐकत नाही. "ग्लेनिस, ठेवू नकोस! फोन ठेवू नकोस! अगं ही खुर्ची... ग्लेनिस!"

त्या अर्ध्या जिन्यात असतानाच मी फोन ठेवला होता.

त्या खाली पोचल्या. स्वयंपाकघरात गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा कर. दोन चमचे साखर घाल. एथेल क्लेग म्हणजे मी."

मी किटली हातात धरून तशीच उभी.

"आणि शंभर?"

"तेही मीच."

मग सगळं बाहेर आलं. धक्क्यावरच्या थिएटरच्या मालकाला पंचविशीच्या आतल्या मुली हव्या होत्या. बाई होत्या एकोणतीस वर्षांच्या. त्यांनी एकवीस सांगितलं. नाव बदललं, तसं वयही बदललं. "पण त्यानंतर मी कधी लबाडी केली नाही हं," त्या म्हणाल्या. "दर वर्षी एक वर्ष इमानदारीनं वाढवत गेले. फक्त सुरुवात जरा उशिरा केली."

"अहो, पण युद्धाच्या वेळच्या त्या गोष्टी? शहरावर बॉम्ब पडतील म्हणून गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून तुम्हा लहान मुलांना खेड्यात पाठवलं होतं, त्या शेतकऱ्याच्या बायकोनं ससा खायला घातला, तुम्ही रडलात..."

"ते माझ्या धाकट्या बहिणीचं. ससासुद्धा तिचाच."

"मग तुम्ही कुठं होता?"

"हल शहरात. सैन्यात. विमानं पाडायच्या तोफेवर." त्या कपाकडे बघत राहिल्या. "अठरा वर्षांची होते. रात्र रात्र बंदराला आग लागलेली असायची आणि आम्ही पोरी आकडे ओरडून सांगायचो. आमच्यातल्या दोघी परत आल्या नाहीत."

मला एकदम आठवलं. दर नोव्हेंबरला गावात युद्धस्मारकापाशी कार्यक्रम होतो. सैनिकांना पुढे खुर्च्या, गुडघ्यावर घोंगडी, गरम सूप. आणि ही बाई थंडीत कुडकुडत मागे उभी राहते, 'युद्धकाळातील बालकं' अशा फलकाखाली. मला इतका राग आला की मी साखरेचा डबा आपटला.

"सांगून टाका ना मग! आता कोण नाटकात घेणार आहे की काढणार आहे तुम्हाला? शंभर म्हणजे केवढी मोठी गोष्ट! सगळं गाव नाचेल."

"आल्बी आहे ना," त्या म्हणाल्या.

"आल्बीचं काय? केकची सुरी जाईल त्याची, एवढंच ना?"

"मला पोरी म्हणणारा जगात आता तो एकटाच उरलाय, ग्लेनिस. मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी आहे हे कळलं तर कोणत्या तोंडानं म्हणेल?" मग हळूच, "त्यानं मला लग्नाचं विचारलं होतं. धक्क्याच्या टोकाला, गरम काहीतरी हवं म्हणून मासे आणि चिप्स घेतले होते. तो पंचवीस वर्षांचा, मी चोवीस. म्हणजे बत्तीस."

"आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"रजिस्ट्रारसमोर वय सांगावं लागतं. साक्षीदारांसमोर, मोठ्यानं. थिएटरचा मालकच साक्षीदार होणार होता. माझी सगळी नोकरी त्या आठ वर्षांवर उभी होती. मी नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. पुढल्या वसंतात त्यानं बेकरीवाल्याच्या हेटीशी लग्न केलं. फार चांगली बाई होती गं ती, गेली बिचारी. तेच तर मला सहन व्हायचं नाही."

मी त्यांच्या चहात तिसरा चमचा साखर घातली.

"कार्ड मात्र मला हवंय," नाक पुसून त्या म्हणाल्या. "त्या घराण्यासाठी मी तीन मिरवणुकांना पावसात उभी राहिले आहे. एका कार्डाला काय धाड भरलीय? पण ते एथेलला येऊ दे. डल्सीला त्याचा पत्ता लागता कामा नये."

मी कार्यालयाला परत फोन लावला. "एथेल क्लेग सापडल्या," मी म्हटलं.

"अगंबाई, हरवल्या होत्या का?"

"हो. बरीच वर्षं."

कार्ड पोस्टानं पाठवा, गाजावाजा नको, बाईंचा स्वभाव फार लाजाळू आहे, असं मी चार चार वेळा बजावलं. "काळजीच करू नका," ती म्हणाली. तिथंच मला शंका यायला हवी होती.

गुरुवारी सकाळी पोस्टमननं गवत कापायच्या यंत्रांचं एक जाहिरातपत्रक तेवढं टाकलं. डल्सीबाईंनी ते उलटसुलट करून बघितलं. "राजासुद्धा विसरला," त्या म्हणाल्या, आणि निळा ड्रेस घालून हॉलवर निघाल्या. त्यांचं तोंड बघवेना. शंभरावा वाढदिवस, आणि बाई ब्याण्णवावा साजरा करायला चाललेली.

हॉल भरलेला होता. मिस्टर फिचेटनी वर्तमानपत्र उघडून रकाना वाचला. एका बिशपच्या आणि एका गोलकीपरच्या मधोमध: डल्सी व्हेन, गायिका व नर्तिका, वय ब्याण्णव. टाळ्या झाल्या. सगळे कण्हत कण्हत उभे राहिले. आल्बी सुरी घेऊन केकपाशी आला.

"ब्याण्णव! कोवळं वय!" तो म्हणाला. "पुढल्या वर्षी माझ्याएवढी हो, पोरी, मग अक्कलदाढ येईल. माझी आली होती. परवाच काढली."

डल्सीबाई हसल्या. मलाच तेवढं कळत होतं त्या कशा हसताहेत ते.

गाणं निम्म्यावर आलं आणि दार उघडलं. दारात लाल पट्ट्यांचा गणवेश घातलेला एक उंच गृहस्थ उभा होता. कमरेला तलवार, पायांत चकचकीत बूट, हातात मोठा लिफाफा. राजाचे आमच्या जिल्ह्यातले प्रतिनिधी. गाणं विरलं. मिस्टर फिचेटची छाती फुगली. त्यांना वाटलं, मंडळाची कीर्ती राजवाड्यापर्यंत गेली.

"मिस एथेल क्लेग इथं आहेत का?" गृहस्थांनी विचारलं. "गेस्ट हाउसच्या शेजारणीनं इकडे पाठवलं. त्यांना आज शंभर पूर्ण झाली."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी माझ्या बुटांकडे बघितलं. डल्सीबाई केककडे बघत होत्या, त्यावर मीच साखरेनं ब्याण्णव लिहिलं होतं.

"क्लेग नावाचे सभासद आमच्याकडे नाहीत," मिस्टर फिचेट म्हणाले. "मागच्या खोलीत योगासनांचा वर्ग चालतो, तिथं विचारा. पण तिथं शंभर वर्षांचं कोणी असेल असं वाटत नाही."

गृहस्थ वळले. वळताना तलवार खुर्च्यांच्या चळतीत अडकली. त्यांनी ओढली, चळत हलली, ते "माफ करा" म्हणाले, परत ओढली. मी मनात म्हटलं, बोला डल्सीबाई, आता तरी बोला, हा माणूस सुटला की गेला. पण त्या बोलेनात.

आल्बीनं सुरी खाली ठेवली.

"पोरी," तो म्हणाला, "पाहुण्याला किती वेळ ताटकळत ठेवणार आहेस?"

"कोणाला म्हणताय तुम्ही?" मिस्टर फिचेट.

"एथेलला."

डल्सीबाईंनी गर्रकन माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात वर केले. मी काही बोलले नव्हते, देवाशपथ!

"तुला कोणी सांगितलं?" त्यांनी आल्बीला विचारलं.

"तुझ्या आईनं. तुला विचारायच्या आधी मी ओल्डहॅमला तुझ्या घरी गेलो होतो, रीतसर परवानगी मागायला. तिनं चहा दिला आणि म्हणाली, 'मुलगी बत्तीस वर्षांची आहे बरं का, चालेल का तुला?' मी म्हटलं, चालेल काय विचारता, धावेल! मग धक्क्यावर आलो, आणि तू नाही म्हणालीस."

"आणि तू गप्प बसलास?"

"नाही म्हटल्यावर काय करणार? मला वाटलं, तुला माझे विनोद आवडत नाहीत."

"नाहीच आवडत तुझे विनोद! कधीच आवडले नाहीत!" बाई ओरडल्या. "म्हणून कोणी नवरा नाकारतं का, गाढवा?"

"मग का नाही म्हणालीस?"

"रजिस्ट्रारपुढे वय सांगावं लागलं असतं! तुला कळलं असतं!"

"मला ठाऊकच होतं," आल्बी म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, मी त्याला असा कधी बघितला नव्हता. "मला वाटलं तुला मी नकोय, आणि वय लपवायचंय. म्हणून मी पोरी म्हणत राहिलो. निदान तेवढं तरी तुझ्यासाठी करता येत होतं."

माझ्या डोळ्यांना धार लागली. दोन शहाणी माणसं, दोघांनाही खरं वय माहीत, आणि दोघंही सभ्यपणापायी तोंड मिटून बसली. आपल्या देशात हे असंच चालतं. कोणाला दुखवायचं नाही, कोणाला विचारायचं नाही, आणि मग उभा जन्म चहा ढवळत बसायचं. मला दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

डल्सीबाई उठल्या. काठी न घेता उठल्या. राजाच्या माणसापुढे जाऊन उभ्या राहिल्या, पाठ ताठ.

"एथेल क्लेग मी," त्या म्हणाल्या. "शंभर पूर्ण. आणि सगळ्यांनी ऐका. हलवर बॉम्ब पडत होते तेव्हा मी खेड्यात ससा खात नव्हते. मी तोफेवर होते."

त्या गृहस्थांची तलवार तोवर सुटली होती. त्यांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. तो शंभराव्या वाढदिवसाचा नव्हता, तोफेचा होता, तेवढं मलाही कळलं.

नंतर जो गोंधळ झाला तो विचारू नका. मिस्टर फिचेट म्हणत होते की ब्याण्णवाव्यासाठी सुरू केलेलं गाणं शंभराव्यासाठी पुढे चालू ठेवता येत नाही, पहिल्यापासून घ्यावं लागेल, आणि केकवरचा आकडा नियमबाह्य आहे. मी चमच्यानं आकडा खरवडून काढला आणि त्यांच्या बशीत टाकला. गाणं पहिल्यापासून झालं. गुडघ्यांची तक्रार त्या दिवशी कोणी केली नाही.

डल्सीबाई मात्र आल्बीशी महिनाभर बोलल्या नाहीत. "त्याला ठाऊक होतं आणि तो बोलला नाही," एवढंच म्हणायच्या. मी म्हणायचे, "तुम्ही तरी कुठं बोललात?" त्यावर त्या टोस्टला लोणी लावत बसायच्या. मोठ्या वर्तमानपत्रानं दुरुस्ती छापली, दोन ओळींची. ती मात्र त्यांनी कापून आरशाला लावली.

मग एका सकाळी आल्बी नाश्त्याच्या वेळी गेस्ट हाउसवर आला. टाय लावून. माझ्या बाकीच्या पाहुण्यांसमोर, अंडी थंड होत असताना, त्यानं बाईंना तोच प्रश्न परत विचारला.

"विचार करायला वेळ हवा," डल्सीबाई म्हणाल्या.

"किती?"

"अंडी संपेपर्यंत."

इतक्या सावकाश अंडी खाताना मी आजवर कोणाला बघितलेलं नाही.

रजिस्ट्रारच्या कचेरीत साक्षीदार आम्ही दोघं, मी आणि मिस्टर फिचेट. रजिस्ट्रार तरुण होती, माझ्या मुलीपेक्षाही लहान. लग्न लावण्याआधी सगळा तपशील वाचून खात्री करून घ्यायची पद्धत आहे.

"एथेल क्लेग, वय शंभर. बरोबर?"

बाईंनी माझा हात घट्ट धरला होता. नखं रुतत होती. एक क्षण मला वाटलं, आता या ब्याण्णव म्हणतात की काय.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं वाचा. मागच्यांना ऐकू आलं नसेल."

मागे कोणी नव्हतं. तरी रजिस्ट्रारनं मोठ्यानं वाचलं. मग ती आल्बीकडे वळली.

"अल्बर्ट थ्रप, वय त्र्याण्णव. बरोबर?"

"चूक," आल्बी म्हणाला. "एकशे एक."

रजिस्ट्रारचा हात थांबला. मिस्टर फिचेटनी डोळे मिटले. "मिस्टर थ्रप," ती पोर घाबरून म्हणाली, "खोटी माहिती देणं गुन्हा आहे हो."

"असू दे," आल्बी म्हणाला. "हिला मी एका वर्षानं मोठा लागतो. सवय आहे तिला."

डल्सीबाईंनी माझा हात सोडला आणि त्याचा धरला.

"सरकारी कागदावर खोटं बोलू नये, आल्बी," त्या म्हणाल्या, आणि मग रजिस्ट्रारला, "त्र्याण्णवच ठेवा बाई. मला हा सात वर्षांनी लहानच हवा होता, पहिल्यापासून."